खेळांतील विक्रम व अंकांचे वाचन

आपल्या शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांचे निकाल ह्याच अंकात अन्यत्र छापले आहेत. ते पाहताना वाचकांचे लक्ष प्रथम कोठे जाईल, हे सांगावयास नकोच. ज्याच्या नावापुढे मोठा आकडा तो मोठा खेळाडू, आणि ज्याच्या नावापुढे शून्य त्याचे खेळणे व्यर्थ, असा निवाडा आपण क्षणार्धात करून मोकळे होतो. आकडा खोटे बोलत नाही अशी आपली श्रद्धा असते, व ती बहुतांशी योग्यही आहे. परंतु आकडा खोटे बोलत नसला तरी तो सर्व काही आपण होऊन सांगतो असे मात्र नाही. न्यायालयातील साक्षीदाराप्रमाणे तो विचारल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, आणि प्रश्न विचारलाच नाही तर मुकाट्याने उभा राहतो.

खेळाच्या मैदानावरील कोणताही अंक वाचताना आपण त्यास चार प्रश्न विचारावे. हा अंक कोणत्या नियमातून निघाला? तो मिळविण्यात कोणाचे साहाय्य होते? तो नीट मोजला गेला काय? आणि तो लिहिला जात असता प्रतिपक्षाच्या रकान्यात काय लिहिले जात होते? ह्या चार प्रश्नांची उत्तरे देणारी काही नवलाची उदाहरणे प्रस्तुत लेखात दिली आहेत. त्यांपैकी काही विलायतेतील आहेत, परंतु बहुतेक आपल्या महाराष्ट्रातीलच आहेत. क्रिकेटच्या खेळाशी ज्या पालकांचा परिचय नाही त्यांच्याकरिता पारिभाषिक शब्द जागच्या जागी उलगडून सांगितले आहेत.

१. अंकामागील नियम

इंग्लंडात स्पीडवे नावाची मोटार-सायकलींची एक शर्यत लोकप्रिय आहे. लंबवर्तुळाकार, भुसभुशीत मातीच्या वाटेवर चार स्वार एकाच वेळी सुटतात व चार फेऱ्या मारतात. ह्या फटफट्यांस ब्रेक मुळीच नसतो, त्यामुळे वळणावर मागचे चाक घसरू देऊनच स्वारास गाडी वळवावी लागते. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक व चौथ्यास शून्य, असा हिशेब असतो. वैयक्तिक अजिंक्यपदासाठी सोळा स्वार व वीस शर्यती अशी जी योजना पुष्कळ वर्षे चालू होती ती गणिताच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहण्याजोगी आहे. प्रत्येक स्वाराच्या वाट्यास पाच शर्यती येतात, प्रत्येक शर्यतीत त्यास तीन प्रतिस्पर्धी भेटतात, आणि पाच त्रिक पंधरा. म्हणजे प्रत्येक स्वार उरलेल्या पंधरा जणांशी बरोबर एकेकदा झुंजतो, एकदाही कमी नाही वा अधिक नाही. पाचही शर्यती जिंकणाऱ्यास पंधरा गुण मिळतात. ह्याहून अधिक मिळविणे शक्यच नसते.

आता नवल पाहा. ह्या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली अंतिम स्पर्धा १९३६ साली लंडनमधील वेंब्ली येथे झाली. तीत ब्लूई विल्किन्सन ह्या ऑस्ट्रेलियन स्वाराने पाचही शर्यती जिंकून पंधरापैकी पंधरा गुण मिळविले. त्या रात्री त्यास कोणीही मागे टाकले नाही. तथापि अजिंक्यपद त्यास मिळाले नाही! कारण त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे आधीच्या फेऱ्यांतून आणलेले गुण अंतिम गुणांत मिळवावयाचे होते. विल्किन्सनजवळ आधीचे दहाच गुण होते, म्हणून त्याची बेरीज पंचवीस झाली. लायोनेल व्हान प्राग ह्याचे त्या रात्रीचे चौदा व आधीचे बारा, आणि एरिक लँग्टन ह्याचे तेरा व तेरा, अशी दोघांची बेरीज सव्वीस भरली. त्या दोघांत पुन्हा एक शर्यत लावण्यात आली व व्हान प्राग पहिला जगज्जेता ठरला. एकही शर्यत न हरलेला स्वार तिसऱ्या स्थानी गेला. विल्किन्सनने पुढे १९३८ साली ते अजिंक्यपद मिळविले, हे त्याच्या चिकाटीस भूषणास्पद होय. परंतु १९३६ च्या निकालपत्रातील ‘तिसरा’ हा शब्द नियम ठाऊक नसलेल्या वाचकास कोणता बोध करून देईल?

असाच प्रकार आपल्या नाशिकच्या सुपुत्राच्या बाबतीत आढळतो. रमेशचंद्र उर्फ बापू नाडकर्णी हे डाव्या हाताने गोलंदाजी करीत. १९६४ च्या जानेवारीत मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध झालेल्या कसोटी सामन्यात त्यांनी पहिल्या डावात बत्तीस षटके टाकली, त्यांपैकी सत्तावीस निर्धाव गेली, आणि एकंदर पाचच धावा झाल्या. षटक म्हणजे एका गोलंदाजाने लागोपाठ टाकावयाच्या सहा चेंडूंचा संच; आणि ज्या षटकात गोलंदाजाच्या नावे एकही धाव लागत नाही ते निर्धाव. त्या दिवशी लागोपाठ २१ षटके निर्धाव पडली व लागोपाठ १३१ चेंडूंवर धाव निघाली नाही. खेळपट्टीवर नाणे ठेवून चेंडू नेमका त्यावर टाकण्याचा सराव ते करीत असत, असे सांगतात. लागोपाठच्या २१ निर्धाव षटकांचा विक्रम त्यांच्याच नावावर आहे.

मात्र धाव न देता लागोपाठ टाकलेल्या चेंडूंचा विक्रम त्यांच्या नावावर नाही. दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफील्ड ह्यांनी १९५७ साली डर्बन येथे लागोपाठ १३७ चेंडूंवर धाव दिली नाही. मग षटकांच्या विक्रमात ते मागे का? कारण त्या काळी तेथे एक षटक आठ चेंडूंचे असे. १३७ ला आठांनी भागल्यास सतरा षटके व एक चेंडू येतो, तर १३१ ला सहांनी भागल्यास एकवीस षटके व पाच चेंडू. माप बदलले की विक्रमवीर बदलतो. तेव्हा ह्या दोघांत श्रेष्ठ कोण, असा वाद विद्यार्थ्यांनी घालण्यापूर्वी आपण शेराने मोजतो आहो की पायलीने, ह्याचा प्रथम निश्चय करावा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नाडकर्णींच्या ह्या असामान्य गोलंदाजीत बळींच्या रकान्यात शून्य आहे. बत्तीस षटकांत एकही फलंदाज त्यांनी बाद केला नाही, आणि तो सामनाही अनिर्णित राहिला. त्या वेळी इंग्लंडच्या संघातील कित्येक खेळाडू पोटाच्या विकाराने आजारी होते व धावा काढण्यापेक्षा टिकून राहण्याकडे त्यांचे लक्ष होते. म्हणजे ज्या विक्रमाचा आपण अभिमान बाळगतो तो एका बाजूने अचूकपणाचा व दुसऱ्या बाजूने सावधपणाचा आहे. दोन्ही बाजू सांगितल्याने नाडकर्णींचे मोठेपण कमी होत नाही. ते नीट समजते एवढेच.

२. अंकातील भागीदार

विजय हजारे ह्यांचे नाव आपल्यासारख्या शाळेत विशेष आपुलकीने घेतले जावे असे आहे. त्यांचा जन्म १९१५ साली सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात, शाळाशिक्षकाच्या घरी झाला. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत व त्यांत जातिधर्मवार संघ उतरत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन ह्यांचे आपापले संघ असत, आणि ख्रिस्ती व इतर खेळाडूंसाठी ‘शेष’ नावाचा पाचवा संघ असे. ही धर्मवार विभागणी अनेकांस खटकत होती, व १९४६ नंतर हे सामने बंद पडले, ते योग्यच झाले.

१९४३ सालच्या अखेरीस ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदू व शेष ह्यांच्यात अंतिम सामना झाला. हिंदू संघाने पाच गडी बाद ५८१ धावांवर आपला डाव घोषित केला. त्यांत विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २५० धावा होत्या. शेष संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला व त्यास लगेच पुन्हा फलंदाजीस यावे लागले. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे ह्यांच्या! बाकीचे दहा फलंदाज व अवांतर धावा मिळून ७८ भरल्या. शेकडा प्रमाण काढल्यास ते एकोणऐंशीहून अधिक येते. एवढे करूनही शेष संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. एका मनुष्याने संघाच्या डावाचा चार-पंचमांश भार उचलावा आणि तरीही पराभव टळू नये, असे प्रसंग क्रिकेटच्या इतिहासात विरळाच.

परंतु ह्या डावाचा खरा चमत्कार त्या ३०९ च्या आकड्यात नसून दुसऱ्याच एका लहानशा आकड्यात आहे. पाच गडी बाद झाल्यावर विजयच्या साथीस त्यांचे बंधू विवेक हजारे आले. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक ह्यांच्या धावा किती? अवघ्या एकवीस! नुसते गुणपत्रक चाळणारा वाचक ‘विवेक हजारे, २१’ ही ओळ डोळ्यांखालून घालून पुढे जाईल. पण क्षणभर थांबून विचार करावा. दुसऱ्या टोकाचा फलंदाज टिकला नाही तर पहिल्या टोकाचा कितीही समर्थ असला तरी त्याचा खेळ खुंटतो. विवेक धावांच्या मोहात पडून बाद झाले असते तर विजयचे त्रिशतक झाले असते काय? धाकट्या आकड्याच्या आधारावर थोरला आकडा उभा आहे.

हे साहाय्य दाखविण्याची सोय क्रिकेटच्या वहीत नाही. मघाशी सांगितलेल्या स्पीडवेच्या खेळात मात्र ती अंशतः आहे, म्हणूनच त्याचा उल्लेख येथे पुन्हा करावासा वाटतो. सांघिक सामन्यांत प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार असतात. एखादा स्वार आपल्या जोडीदाराच्या लगेच मागे पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहून शर्यत संपवील, तर त्याच्या नावे एक बोनस गुण लिहिला जातो. हा गुण संघाच्या बेरजेत धरीत नाहीत. तो केवळ त्या स्वाराच्या नोंदीत राहतो. जोडीदारास मागे टाकण्याची ईर्ष्या न धरता प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून धरणाऱ्याचा हा मान होय. त्यामुळे दहा गुण व दोन बोनस मिळविणारा स्वार बारापैकी बारा मिळविणाऱ्याच्या जवळपास गणला जातो. विवेक हजारे ह्यांच्या त्या एकवीस धावांपुढे असा एखादा बोनस अंक लिहिता आला असता तर तो केवढा मोठा झाला असता! शुभवर्तमानातील विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. भांडारात पडलेल्या नाण्यांच्या राशीत त्या टोल्यांचे मोल किती, हे राशीच्या बेरजेवरून कळत नाही.

३. अंकाची मोजणी

तिसरा प्रश्न अगदी साधा, पण अत्यंत महत्त्वाचा. अंक बरोबर मोजला काय?

१८९९ च्या जूनमध्ये इंग्लंडातील क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स ह्या तेरा वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. हा जगातील सर्वोच्च वैयक्तिक आकडा म्हणून ११६ वर्षे टिकला. परंतु त्या सामन्याच्या गुणलेखकानेच ह्या आकड्यात वीसेक धावांचा फरक इकडे-तिकडे असू शकेल अशी कबुली दिली होती, असे सांगतात. कित्येक दिवस चाललेल्या त्या खेळात बेरीज चुकणे अशक्य नव्हते. पुढे कॉलिन्स पहिल्या महायुद्धात १९१४ साली रणांगणावर पडला. त्याचा विक्रम लोकांच्या स्मरणात राहिला, पण त्याची नेमकी संख्या कोणासही खात्रीने सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण ह्याहून हृद्य आहे. काठेवाडातील जुनागढ येथे जन्मलेले व पुढे पाकिस्तानात गेलेले हनीफ महंमद १९५९ च्या जानेवारीत कराची येथे बहावलपूरविरुद्ध खेळत होते. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील डॉन ब्रॅडमन ह्यांचा ४५२ धावांचा विक्रम त्यांनी मागे टाकला होता. दिवसाचा खेळ संपत आला असता मैदानावरील फलकावर त्यांच्या धावा ४९६ दिसत होत्या. पाचशेसाठी अजून चार हव्यात, तेव्हा पुढच्या चेंडूसाठी आपणच फलंदाजीच्या टोकास राहिले पाहिजे, अशा विचाराने ते एक धाव काढून दुसरीसाठी धावले आणि धावबाद झाले. ते परत येत असता फलकावरील आकडा बदलला व तेथे ४९९ झळकले! वस्तुतः त्या चेंडूपूर्वीच त्यांच्या ४९८ धावा झाल्या होत्या. फलक हलविणारे मागे पडले होते. खरा आकडा ठाऊक असता तर ती धाव घेण्याची घाई त्यांनी केली असती काय? गुणलेखकाची वही बरोबर होती, पण ज्याला तिची गरज होती त्याच्या डोळ्यांपुढे चुकीचा आकडा उभा होता.

गुणलेखन हे कारकुनी काम आहे असे मानून ते ज्यास खेळता येत नाही अशा मुलाच्या गळ्यात घालण्याची चाल पुष्कळ शाळांतून आहे. वरील दोन उदाहरणांवरून ह्या कामाची जबाबदारी किती मोठी आहे हे दिसून येईल. क्रिकेटची वही ही व्यापाऱ्याच्या जमाखर्चाच्या वहीसारखी दोन बाजूंनी मिळवावयाची असते. फलंदाजांच्या धावा व सर्व अवांतर धावा ह्यांची बेरीज म्हणजे संघाची एकूण धावसंख्या. उलट बाजूने, प्रत्येक गोलंदाजाने दिलेल्या धावा, ज्यांत वाइड व नो-बॉल आजकाल त्याच्याच खाती धरतात, अधिक बाय व लेग-बाय ह्यांची बेरीजही तेवढीच यावयास हवी. दोन्ही बेरजा मिळाल्या म्हणजे हिशेब बहुधा बिनचूक. न मिळाल्या तर कोठे तरी चेंडू हरवला आहे असे समजावे, व दुसऱ्या षटकास आरंभ होण्यापूर्वी तो शोधावा.

४. प्रतिपक्षाचा रकाना

आता आपण ह्या लेखातील मुख्य गोष्टीकडे येतो. हनीफ ह्यांच्या आधी दहा वर्षे ब्रॅडमनच्या त्या ४५२ धावांच्या अगदी जवळ एक मराठी खेळाडू पोहोचला होता.

१९४८ च्या डिसेंबरात पुण्यास पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडकासाठी महाराष्ट्र व काठेवाड ह्यांचा सामना झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्रातर्फे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, वय वर्षे एकोणतीस, खेळावयास आले. त्यांनी भांडारकर ह्यांच्यासह दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. त्यांत भांडारकर ह्यांनी २०५ धावा काढल्या. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राची धावसंख्या चार गडी बाद ८२६ अशी झाली असता निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या आकड्यास गाठण्यास नऊ धावा उणे, ओलांडण्यास दहा. विश्रांतीसाठी खेळाडू आत गेले.

ते पुन्हा बाहेर आले नाहीत. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब ह्यांनी सामना सोडून दिला व संघ परतला. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाच्या संदर्भात कायमचे लिहिले जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती, असे ह्या सामन्याच्या वृत्तांतांतून सांगितले जाते. निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले ते राहिलेच. भारतीय फलंदाजाने प्रथम दर्जाच्या सामन्यात केलेली ही आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. तथापि निंबाळकर ह्यांस एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. १९५९ साली हनीफ ह्यांनी व १९९४ साली वेस्ट इंडीजचे ब्रायन लारा ह्यांनी नाबाद ५०१ धावा करून ब्रॅडमनचा आकडा मागे टाकला. निंबाळकर २०१२ साली, वयाची त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास एकच दिवस उरला असता, निवर्तले.

ह्या प्रसंगाकडे काठेवाडच्या बाजूनेही पाहणे न्यायाचे होईल. दीर्घकाळ उन्हात चेंडूमागे धावणाऱ्या अकरा जणांची दमछाक झाली असेल ह्यात नवल नाही. सामना हातातून गेला होता, हेही खरे. पण आणखी थोडी षटके मैदानावर उभे राहिल्याने त्यांचे काय गेले असते? आपल्या नावापुढे नको असलेली ओळ लिहिली जाऊ नये म्हणून त्यांनी खेळ सोडला, आणि नेमकी त्याच कारणाने त्यांच्या नावाची ओळ अधिक ठळक झाली. ते थांबले असते तर आज आपण केवळ निंबाळकरांचीच आठवण काढली असती.

त्याच मोसमात, त्याच पुणे शहरात, महाराष्ट्र संघावर नेमकी उलट वेळ आली. उपांत्य सामन्यात मुंबईने ६५१ व आठ बाद ७१४, आणि महाराष्ट्राने ४०७ व ६०४ अशा धावा केल्या. एकंदर २३७६ धावा व नऊ शतके! प्रथम दर्जाच्या एका सामन्यात ह्याहून अधिक धावांची नोंद नाही. विजयास जवळजवळ हजार धावा हव्या असता महाराष्ट्राने चौथ्या डावात ६०४ धावा केल्या व ३५४ धावांनी पराभव पत्करला. सामना हातातून गेला आहे हे त्यांसही पहिल्यापासून ठाऊक असलेच पाहिजे. तरी ते शेवटचा गडी बाद होईपर्यंत खेळले, आणि म्हणूनच तो विक्रम दोन्ही संघांचा मिळून झाला.

विद्यार्थ्यांस मुलांच्याच सामन्यांची उदाहरणे अधिक रुचतील. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी ह्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. परंतु समोर कोण होते? समोर होती सेंट झेवियर्स हायस्कूल, म्हणजे आपल्यासारखीच एक मिशनरी शाळा. त्या शाळेच्या साईराज बहुतुले नावाच्या पंधरा वर्षांच्या गोलंदाजाने त्या डावात १८२ धावा दिल्या, आणि त्यास एकही बळी मिळाला नाही. केवळ त्या दिवसाचे पत्रक पाहून एखाद्याने त्या मुलास गोलंदाजी सोडून देण्याचा उपदेश केला असता तर तो व्यवहारी ठरला असता. पण त्याने गोलंदाजी सोडली नाही. पुढे तो मुंबईचा प्रमुख फिरकी गोलंदाज झाला, प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्याने सहाशेंहून अधिक बळी मिळविले, आणि २००१ साली भारतातर्फे कसोटी सामने खेळला.

दुसरे उदाहरण कल्याणचे. २०१६ च्या जानेवारीत सोळा वर्षांखालील मुलांच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडे ह्या रिक्षाचालकाच्या मुलाने दोन दिवसांत नाबाद १००९ धावा केल्या व कॉलिन्सचा जुना विक्रम मोडला. नोंद झालेल्या क्रिकेटमध्ये एका डावात हजाराचा आकडा गाठणारा तो पहिला. त्याच्या डावात १२९ चौकार व ५९ षटकार होते. आता ही मोजणी पाहा. १२९ चौकारांच्या ५१६ आणि ५९ षटकारांच्या ३५४, मिळून ८७० धावा सीमेपार. पळून काढलेल्या केवळ १३९. निंबाळकरांच्या ४४३ मध्ये ४९ चौकार व एक षटकार, म्हणजे २०२ सीमेपार व २४१ पळून. एकाने निम्म्याहून अधिक धावा पायांनी मिळविल्या, दुसऱ्याने सातांतील सहा भाग सीमेपलीकडे धाडून. मैदान केवढे असेल, क्षेत्ररक्षक कोणत्या वयाचे असतील, ह्याचा तर्क नुसत्या भागाकारानेही करता येतो. समोरची मुले वयाने लहान व अननुभवी होती, आणि मैदानाची एक बाजू आखूड होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आलेही होते. त्यांचे डाव ३१ व ५२ धावांत आटोपले. प्रणवच्या संघाच्या तीन बाद १४६५ धावा झाल्या, आणि एक डाव व १३८२ धावांनी सामना निकालात निघाला.

प्रणवने दोन दिवस जे लक्ष व बळ टिकविले त्याचे कौतुक केलेच पाहिजे. चेंडू लहान मुलाने टाकला असला तरी तो मारावा लागतोच. परंतु ह्या सामन्यात आणखी एक विक्रम झाला, आणि तो कोणत्याही वहीत नाही. ती लहान मुले १४६५ धावा होईपर्यंत मैदानावर उभी होती. चेंडू डोक्यावरून जात होते, तरी प्रत्येक वेळी कोणी तरी तो आणून गोलंदाजाच्या हाती देत होते. राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी जे १९४८ साली केले नाही ते कल्याणच्या ह्या मुलांनी केले. त्यांच्या नावापुढे काय लिहिले जाईल ह्याची भीती त्यांनी बाळगली नाही.

उपसंहार

आपल्या पुसेगावी मोठी मैदाने नाहीत व संगमरवरी फलकही नाहीत. पण एक वही, एक पेन्सिल व सावध मन एवढ्यावर उत्तम गुणलेखन होऊ शकते. येत्या वर्षी प्रत्येक वर्गाने आपल्या सामन्यांची अशी वही ठेवावी. तीत दोन्ही संघांतील सर्वांची नावे लिहावी, भागीदारीत कोण कोणाबरोबर होते ते लिहावे, प्रत्येक षटकानंतर दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडून पाहाव्या, आणि मैदान कसे होते, पाऊस वा ऊन काय होते, ह्याबद्दल खाली दोन ओळी लिहाव्या. दहा वर्षांनी ती वही वाचणाऱ्यास केवळ आकडे नव्हेत, तर आपली मुले दिसतील.

पालकांसही एक विनंती आहे. परीक्षेनंतर मुलाचे प्रगतिपुस्तक हाती येते तेव्हा आपण त्यातील अंक वाचतो. तो अंक कोणत्या मापाने मोजला, मुलास कोणाचे साहाय्य होते वा नव्हते, बेरीज बरोबर आहे काय, आणि ह्या विषयाच्या कठीण भागापुढे मूल उभे राहिले की पाठ फिरवून गेले, हे चार प्रश्न तेथेही विचारावे. १८२ धावा देऊन रिकाम्या हाताने घरी आलेल्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणे झाले असेल, ते आपणांस ठाऊक नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्याने चेंडू पुन्हा हाती घेतला, एवढे मात्र निश्चित.